तेराव्या दिवशी उघडलेली पेटी

नवीन पनवेल
गुरुवार, १७ एप्रिल

प्रिय शमा,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. केतनच हे तुझ्या हातात देऊन जाईल, म्हणजे त्यालाही धडधाकट बघशील. कालपासून तीनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आधीच कापला. अब्दुल्लाभाई कुवेतला होते तेव्हा तू म्हणायचीस, फोनवर आपण नुसतं 'ठीक आहे, ठीक आहे' करतो, खरं काय ते कागदावरच येतं. तेव्हा मी तुला हसायचे. आता शिवणाच्या टेबलावरचे कपडे बाजूला सारून, केतनच्या ऑफिसच्या वहीतली पानं फाडून लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

आधी इथलं सांगते. तुझ्या घरातले भाडेकरू चांगले आहेत, पण त्यांनी मागच्या अंगणात सगळीकडे लाद्या बसवल्या. तुझी जास्वंद ठेवली, तेवढं बरं केलं. मधल्या भिंतीवर आता त्यांच्या गाद्या वाळत असतात. सव्वीस वर्षं त्या भिंतीवरून आपली दोघींची किती ये-जा झाली गं! मी ब्लाऊज शिवून भिंतीवर ठेवायचे, तू हुक-काज करून, साडीला फॉल लावून परत ठेवायचीस. बायांना वाटायचं एकच बाई शिवते. तुझ्याकडच्या सांदणांचं ताट त्याच भिंतीवरून यायचं आणि माझ्याकडच्या पुरणपोळ्या त्याच वाटेने जायच्या. माझे हे गेले, त्या पहिल्या महिन्यात तू दारातून कधी आली नाहीस, कारण दारात माणसं बसलेली असायची. स्टुलावर चढून भिंतीपलीकडून नुसती उभी राहायचीस. मी कपडे वाळत घालत रडायचे आणि तू काही बोलायची नाहीस. हे सगळं आठवून तुला विरघळवावं म्हणून लिहीत नाही. कुणाशी काय वागले, हे माझं मलाच नीट दिसावं म्हणून लिहिते.

अब्दुल्लाभाई कायमचे परत आले आणि सुतारकामाचा हात स्वस्थ बसू देईना म्हणून त्यांनी पक्ष्यांसाठी ती पेटी केली. माझ्या अंगणात ऊन कमी, म्हणून ती माझ्याकडे उभी केली. तुला आठवतं, पहिल्यांदा मी म्हटलं होतं, भोकाखाली एक काडी लावा, पक्ष्याला बसायला बरं. ते म्हणाले, "वहिनी, काडीवर कावळा बसेल. ज्याला आत जायचंय तो काडीशिवाय जातो." साळुंकीला शिरता येऊ नये म्हणून भोक पावणेदोन इंचांचं. पावसाचं पाणी निथळायला तळाला चार बारीक छिद्रं. बाजूची फळी वर उचलून साफ करता यावी अशी. पेटी लोखंडी पाइपवर, आणि पाइपला मधोमध पत्र्याची उलटी टोपी, उंदीर-मांजर वर चढू नये म्हणून. शिवाय पाइप भिंतीपासून मोजून आठ फूट लांब रोवला. दोन वर्षं पेटी रिकामी राहिली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये दयाळाची जोडी आली. काळा-पांढरा नर तुझ्या ॲंटेनावर बसून शीळ घालायचा आणि अब्दुल्लाभाई चहाचा कप हातात धरून "आले, भाडेकरू आले" म्हणत गल्लीभर सांगत सुटले.

ते गेले आणि त्यांच्या चाळिसाव्याच्या दिवशी, माणसं जेवत असताना, नुरी तुझ्या स्वयंपाकघरात शिरली. मांजरीचं एवढंसं पिल्लू, मातकट रंगाचं, पाय पांढरे. कुणी हाकललं तरी जाईना. त्यांच्या खुर्चीवर जाऊन झोपली. तू म्हणालीस, "राहू दे, घर भरलेलं वाटतं." त्यानंतर तुझं निम्मं बोलणं तिच्याशीच व्हायचं. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. मी कधी कधी हेवाही केला, हे आज कबूल करते.

आता गेल्या वर्षीचं. चार अंडी होती, निळसर हिरवी, वर तांबूस ठिपके. चारही फुटली. तोवर मी त्या मोबाइलवरच्या पक्ष्यांच्या ग्रुपमध्ये चांगलीच नावारूपाला आले होते. सुकापूर, कामोठे, कुठून कुठून बाया मला विचारायच्या, विनिताताई, पेटी कुठल्या दिशेला लावू, विनिताताई, मुंग्या लागल्या तर काय करू. आयुष्यभर मान खाली घालून दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं, आणि आता पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते. मला ते फार आवडलं, शमा. फार. त्या ग्रुपवर मीच लिहिलं होतं की पिल्लं दहा दिवसांची झाली की पेटीला हात लावायचा नाही. पंख अर्धवट फुटलेले असतात, दचकली की उडता येत नसूनही ती बाहेर झेप घेतात आणि मग परत आत राहत नाहीत. मीच लिहिलं होतं. त्याला पन्नास जणींनी हात जोडले होते.

तेराव्या दिवशी सकाळी ग्रुपवर आलं की ज्यांच्याकडे पिल्लं आहेत त्यांनी आतले फोटो टाका, ग्रुपच्या उन्हाळी विशेष अंकासाठी निवडणार आहेत. माझ्याकडे सातव्या दिवसाचा फोटो होता, पण त्यात ती नागडी, डोळे मिटलेली, गोळ्यासारखी दिसत होती. तू गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेली होतीस. केतन कामावर. अकरा वाजले असतील. मी स्टूल घेतलं, मोबाइल डाव्या हातात धरला आणि फळी उचलली. स्वतःला सांगितलं, एकदाच, पटकन. मला नियम माहीत नव्हता असं नाही. मला वाटलं, नियम इतरांसाठी आहे, ही पिल्लं मला ओळखतात.

फळी उचलल्याबरोबर चारही पिल्लं माझ्या तोंडावरून बाहेर आली. एक माझ्या छातीवर आपटून खाली पडलं. मी स्टुलावरून उतरून गवतात रांगत त्यांना गोळा करायला लागले. दोन सापडली, ती आत ठेवली, पण फळी खाली पाडून भोकाला फडकं लावायचं सुचलंच नाही. दोन्ही पुन्हा बाहेर पडली. एक कपडे भिजवायच्या टबात पडलं, मी पोचेपर्यंत ते हलायचं थांबलं होतं. एक कावळ्याने उचललं, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, मी पायातली चप्पल काढून फेकली ती पत्र्यावर वाजली. तिसरं शेजारच्या गटाराच्या जाळीतून खाली गेलं, आवाज येत राहिला, मग तोही बंद झाला. आणि मग नुरी भिंतीवरून उतरली आणि चौथं घेऊन गेली. म्हणजे नुरीने एक नेलं, हे खरं आहे. पण ते जमिनीवर मी पाडलेलं होतं. ती पेटीपर्यंत कधी पोचलीच नव्हती. सगळ्यांत वाईट त्यानंतरचं. नर आणि मादी दोघंही चोचीत अळ्या घेऊन संध्याकाळपर्यंत येत राहिले. भोकापाशी जायचे, आत बघायचे, चोचीतली अळी तशीच घेऊन तारेवर जाऊन बसायचे. मी दार लावून घेतलं आणि मशीन सुरू केली, नुसती, सुईत दोरा नसताना.

पण त्याआधी तू आलीस. एक वाजता, रिक्षातून उतरून, गुडघ्याला पट्टा बांधलेला. माझं अंगण बघून तू तशीच आत आलीस आणि विचारलंस, "विनू, काय झालं गं?"

मी म्हटलं, "तुझी नुरी."

शप्पथ सांगते, हे आधी ठरवलेलं नव्हतं. दोन शब्द तोंडातून गेले आणि ते गेल्या क्षणी मला हलकं वाटलं. तुझं तोंड पांढरं पडलं. तू पाइपकडे बघितलंस, पत्र्याच्या टोपीकडे बघितलंस, आणि हळूच म्हणालीस, "पण ती वर चढली कशी?"

मी म्हटलं, "भिंतीवरून उडी मारली असेल."

तू बराच वेळ भिंत आणि पेटी यांच्यामधलं अंतर डोळ्यांनी मोजत राहिलीस. मग म्हणालीस, "म्हणजे ह्यांचं माप चुकलं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. त्या माणसाने आयुष्यात कधी सूतभर माप चुकवलं नाही, आणि त्याच्या माघारी त्याच्या बायकोच्या तोंडून मी हे वदवून घेतलं. मी नुसती मान हलवली. शमा, पिल्लांचं पाप मोठं की हे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की शेजारच्या मांजरीने चारही पिल्लं मारली. शंभरावर उत्तरं आली. कुणी रडकी तोंडं पाठवली, कुणी मांजर पाळणाऱ्यांना शिव्या घातल्या. मी तुझं नाव घेतलं नाही, असं स्वतःला समजावलं. पण गल्लीतल्या तीन बाया त्या ग्रुपमध्ये होत्या, आणि गल्लीत मांजर एकच होती. त्यांनी तुझ्याशी बोलणं कमी केलं, ते मला दिसत होतं. केतन संध्याकाळी आला तर मी टेबलावर डोकं ठेवून बसलेली. त्याला वाटलं आई त्या मांजरीपायी अशी झाली. तो म्हणाला, "उद्या कामावर जाताना सोडून येतो तिला मासळी बाजारात. तिथे खायला मिळेल, मरणार नाही." मी नको म्हटलं नाही. सकाळी तू नमाजाला बसलेली असताना तो भिंतीवरून तिला बोलवायला लागला, तेव्हा तांदळाची रिकामी पिशवी मी स्वतः त्याच्या हातात दिली. ती आली लगेच. आमच्याकडे ती नेहमीच यायची.

मग तू तिला शोधत फिरलीस. दुधाची वाटी चमच्याने वाजवत, तो पट्टा बांधलेला पाय ओढत, पार खांदा कॉलनीच्या तलावापर्यंत. मी दोनदा तुझ्यासोबत आले. तुझ्यासोबत "नुरी, नुरी" अशा हाका मारल्या. चौथ्या दिवशी तू भिंतीपाशी येऊन म्हणालीस, "विनू, जाऊ दे. तिने गुनाह केला, तिला तोंड दाखवायची लाज वाटली असेल. तू मला माफ कर." आणि मी, शमा, मी तुला म्हटलं, "अगं, मुक्या जिवाचा काय दोष." मी तुला माफ केलं! गल्लीतल्या बाया म्हणाल्या, विनिताचं मन किती मोठं.

जूनमध्ये तुझा लेक फुजैल तुला कामोठ्याला घेऊन गेला. सगळ्यांना सांगितलं गेलं की गुडघ्यामुळे, तळमजल्याचं घर मिळालंय म्हणून. पण सामान भरताना तुझी सून शबनम मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "मांजर गेल्यापासून अम्मी जेवत नाहीत. रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात." मी तिला लोणच्याची बरणी दिली आणि सांगितलं, नव्या जागी मन रमेल.

ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्यावर मी कोलंबी आणायला बाजारात गेले. हौसा म्हणून एक कोळीण आहे, आत शिरल्यावर उजव्या हाताची शेवटची. तिच्या पाटाखाली नुरी बसली होती. वाळलेली, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, पण पाय तेच पांढरे. तिने मला ओळखलं. उठून आली आणि माझ्या साडीला अंग घासायला लागली. मला तिला पिशवीत घालून रिक्षा करून कामोठ्याला आणता आलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पण तू विचारलं असतंस, कुठे सापडली, कशी आली. मी पाय मागे घेतला. कोलंबी न घेताच निघाले. ती बाजाराच्या दारापर्यंत माझ्यामागे आली. त्यानंतर आजवर मी त्या बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. दारावर मासेवाला येतो त्याच्याकडून घेत होते.

आणि काल तुझा तो आवाजातला निरोप आला. सहा वेळा ऐकला. तू बिल्डिंगच्या मागे पंपाच्या खोलीजवळ पेटी लावून घेतलीस, सुताराला समोर बसवून पावणेदोन इंचांचं भोक पाडून घेतलंस, या वेळी भिंतीपासून बारा फूट लांब. दयाळ आले. चार पिल्लं. "आज नववा दिवस, विनू. नुरीने तुझं जे नेलं ते मला परत देता येत नाही, पण ही चार तुझ्या नावाची. घरात मांजर पुन्हा आणली नाही, शबनमची मुलगी मागत होती तरी. रविवारी ये. तुझ्या हाताने उघडून मला दाखव, तोवर मी हात लावत नाही." मागे नर शीळ घालत होता, ते ऐकू येत होतं.

मी काल जेवताना केतनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी त्या म्हातारीची मांजर उगाच..." आणि ताट तसंच ठेवून उठला. सकाळी मात्र मला म्हणाला, "चल, बस गाडीवर मागे." आम्ही दोघं बाजारात गेलो. हौसा होती, पाटाखाली नुरी नव्हती. मी हौसाला विचारलं, ती पांढऱ्या पायांची मांजर कुठे गेली. ती म्हणाली, "घरी हाय माज्या, कोलीवाड्यात. तीन पिल्लं घातलीत तिनी. तुमची हाय का?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीची. तिने सुरी खाली ठेवली. "वरीस झाला ती हितं हाय. तुमी पावसात एकदा आल्या व्हत्या, तवा ती तुमच्या मागं लागलेली, मी बगितला. तवा नाय नेली?" केतनने सांगितलं, मीच इथे सोडली होती. हौसा आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, "तुमच्या हातात मी नाय देनार. जिची हाय तिला आना. ती बोलली तर देईन." तिने बरोबर केलं.

तर शमा, हे पत्र एवढ्यासाठी. रविवारी तुझ्या पिल्लांचा तेरावा दिवस आहे. ती पेटी उघडायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी, आणि मी समोर उभी असले तरी. लांब खुर्ची टाकून बस, दोन-तीन दिवसांत ती आपली आपण बाहेर येतील. त्या दिवसांत खाली कुणाचं मांजर असेल तर आत ठेवायला सांग आणि पाण्याचे टब झाकून घे. अब्दुल्लाभाईंचं माप बरोबर होतं, आठ फूट पुरेसे होते. हे मी आज ग्रुपवरही लिहिलं आहे, काय झालं ते सगळं, तुझं नाव घेऊन, माझं नाव घेऊन. आता गल्लीतल्या बाया माझ्याशी बोलणं कमी करतील, ते होऊ दे. हौसा रोज दुपारी एकपर्यंत बसते. तुला एकटीने जायचं असेल तर केतन घेऊन जाईल, आणि त्यालाही जवळ उभा करायचा नसेल तर फुजैलला सांग. मी रविवारी बोलावल्याप्रमाणे येऊ की नको, हे विचारायचाही मला हक्क नाही, म्हणून विचारत नाही. आठवडाभर, महिनाभर, कधीच, तुला वाटेल तेव्हा एक निरोप टाक, आणि नाही टाकलास तरी मी समजेन. फक्त पेटी उघडू नकोस, शमा. माझ्यासाठी तर मुळीच नको.

तू अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
विनू